१९११च्या इंग्लंडच्या जनगणनेत आमचे क्षीरसागर कसे शोधू?

नारायणपेठी | शनिवार, रात्री ९.४०

नमस्कार. माझ्या पणजोबांचे धाकटे भाऊ १९०९ साली डॉक्टरी शिकायला विलायतेला गेले. घरात त्यांचा उल्लेख विलायतकाका असाच होतो. ते परत आले नाहीत. का आले नाहीत, याच्या आमच्याकडे तीन गोष्टी आहेत. आजोबा सांगत, महायुद्धात गेले. चुलतआजी सांगे, मडमेशी लग्न केलं म्हणून घराने नाव टाकलं. वडिलांनी ऐकलेली गोष्ट इन्फ्लुएंझाची. माझी आत्या आता नव्वदीला टेकली आहे. तिच्या हयातीत एक तरी खात्रीची ओळ तिच्यासमोर ठेवावी अशी फार इच्छा आहे.

आमचं घर पुण्याच्या नारायण पेठेत, नदीच्या अंगाला होतं. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं तेव्हा कागदांची ट्रंक तळमजल्यावर होती. त्यातून एक फोटो आणि एक पोस्टकार्ड एवढंच हाती लागलं. कार्ड मोडीत आहे, शाई पसरली आहे, आणि घरात मोडी वाचणारं कुणी उरलेलं नाही. पोस्टाच्या शिक्क्यात ‘लंडन’ वाचता येतं, सालातला ‘१०’ बहुधा.

इंग्लंडच्या जुन्या जनगणनेतली माणसं नावानिशी इंटरनेटवर पाहायला मिळतात असं कळल्यावर एका साइटचं सभासदत्व घेतलं आणि आडनाव टाकलं. काहीच आलं नाही. आमच्या आडनावाचं इंग्रजी लेखन घरातच एकसारखं नाही. माझ्या पासपोर्टवर सुरुवातीला के-एस-एच आणि मग एक आय. आत्याच्या जुन्या कागदांवर दोन ई. आजोबांच्या मॅट्रिकच्या दाखल्यावर शेवटच्या ए-आरऐवजी यू-आर. १९११ साली त्यांनी कोणतं वापरलं असेल?

दुसरा प्रश्न. ते निघाले तेव्हा किती वर्षांचे होते हे नक्की नाही. पुण्याच्या १९०१च्या जनगणनेत आमच्या घराचं पान बघायला मिळेल का? कुठे?

दप्तरकर | शनिवार, रात्री १०.५५

ताई, आधी दुसऱ्या प्रश्नाचं. ते पान कुठेही मिळणार नाही, त्यामागे धावू नका. आपल्याकडे पहिली गणना १८७२ची, आणि १८८१पासून दर दहा वर्षांनी देशभर एकाच वेळी होऊ लागली. प्रगणक घरोघर फिरून माणसं लिहून घेत, पण सरकारला हव्या होत्या त्या बेरजा. १९०१ला तर प्रत्येक माणसाची माहिती वेगळ्या चिठ्ठीवर उतरवून चिठ्ठ्यांचे गठ्ठे मोजायची पद्धत आली. बेरजा झाल्या, जाडजूड ग्रंथ छापले, मूळ याद्या राखल्या नाहीत. त्या ग्रंथांतून पुण्यात कोणत्या जातीची, धर्माची, धंद्याची किती माणसं होती ते कळतं, तुमच्या पणजोबांचं नाव कळत नाही. स्वातंत्र्यानंतरच्या गणनांना १९४८चा जनगणना कायदा लागू आहे. त्याच्या १५व्या कलमानुसार व्यक्तीची नोंद कुणालाही पाहायला मिळत नाही. इंग्लंडात शंभर वर्षांनी पानं खुली होतात, तसं आपल्याकडे नाही.

उलट त्याआधीचं सापडतं. पेशवाईत पेठवार घरं मोजून लिहीत. त्या खानेसुमारीचे कागद पुणे दप्तराच्या रुमालांत, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांत, आहेत आणि त्यांत घरधन्यांची नावं येतात. तुमचा काळ मात्र १९००चा. वय हवं असेल तर शाळा गाठा. पेठेतला मुलगा म्हणजे न्यू इंग्लिश स्कूल किंवा नूतन मराठी विद्यालय असण्याचा संभव मोठा, दोन्ही १८८०च्या दशकात उभ्या होत्या. दाखलखारीज रजिस्टरात जन्मतारीख, वडिलांचं नाव आणि आडनाव एका ओळीत मिळतं. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज करा, नातं लिहा, घाई करू नका.

आणि त्या पोस्टकार्डाचा फोटो इथे टाका. दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी, फ्लॅश न लावता. चार तुकड्यांत काढलात तर उत्तम.

हिंजवडीची_वाट | रविवार, सकाळी ८.२०

ताई, ‘काहीच आलं नाही’ याचं एक कारण शोधयंत्राच्या आत आहे. ते समजलं तर पुढचा शोध सोपा जाईल.

आवाजावरून नाव जुळवायची जुनी रीत म्हणजे साउंडेक्स. १९१८ला अमेरिकेत तिचं पेटंट झालं, आणि पुढे तिथल्या जनगणनेच्या सूच्या तिच्यावर बेतल्या. पहिलं अक्षर तसंच ठेवायचं. पुढचे स्वर आणि एच, डब्ल्यू, वाय गाळायचे. उरलेल्या व्यंजनांना गटवार आकडे द्यायचे: बी-पी-एफ-व्ही १, सी-जी-जे-के-क्यू-एस-एक्स-झेड २, डी-टी ३, एल ४, एम-एन ५, आर ६. एकाच गटातली अक्षरं लागून आली तर एकदाच धरायची. तीन आकडे झाले की थांबायचं, कमी पडले तर शून्य लावायचं.

तुमच्या आडनावावर करून पाहिलं. एक आय असो की दोन ई, शेवटी ए-आर असो की यू-आर, सगळ्यांचं उत्तर के-६२२. म्हणजे घरातल्या तीन लेखनांची काळजी सोडा, ती एकच आहेत. खरी अडचण पहिल्या अक्षराची. एखाद्याने ‘क्ष’ नुसता एस-एचने लिहिला तर एस-६२२. एक्सने सुरू केला तर एक्स-६२२. सी-एचने लिहिला तर सी-६२२. आकडे तेच, खण चार. यंत्र एका खणात बघतं आणि बाकीचे तीन उघडतही नाही. वैद्य, वाडेकर, विद्वांस यांचंही असंच, व्ही की डब्ल्यू यावर सगळं ठरतं. झवेरी आणि जव्हेरीची तीच गत.

म्हणून चारही अक्षरांनी वेगवेगळं शोधा. आणि चांदणी (*) वापरा, म्हणजे सुरुवातीला चांदणी आणि पुढे आर-एस-ए-जी-ए-आर. काही साइट सुरुवातीला एक-दोन अक्षरं मागतात, तिथे ही युक्ती चालत नाही.

टेम्सकाठ | रविवार, दुपारी ३.१०

नारायणपेठी ताई, मी लंडनजवळ राहते आणि इथल्या मराठी मंडळींचे जुने माग काढायची मला मनापासून आवड आहे. वरचं सगळं बरोबर आहे, पण आडनावापासून सुरुवातच करू नका. आपल्या लोकांच्या बाबतीत आडनाव ही नोंदीतली सर्वांत कच्ची गोष्ट.

१९११ची गणना रविवारी २ एप्रिलच्या रात्रीची. घरी छापील तक्ता यायचा आणि घराचा कर्ता तो भरायचा. इंग्लंड-वेल्समध्ये आजही मिळतो तो हाच तक्ता, कर्त्याच्या हातचा. त्याआधीच्या वर्षांचे तक्ते टिकले नाहीत, प्रगणकाने वहीत केलेली नक्कल टिकली. आता विचार करा, खोली भाड्याने घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या घरात कर्ता कोण? घरमालकीण. विलायतकाकांचं नाव त्यांनी लिहिलं नसून तिने लिहिलं असणार. तिने कानाने ऐकलं ते, किंवा दारावरच्या पाटीवर वाचलं ते. शंभर वर्षांनी तिच्या अक्षरावरून कुणीतरी संगणकावर सूची केली. म्हणजे नावावरून तीन हात फिरले. तिच्या वळणदार अक्षरात के आणि आर, एस आणि एल, एन आणि यू सारखेच दिसतात.

त्यात आपली नावं लिहायची पद्धत. स्वतःचं, वडिलांचं, मग आडनाव. मालकिणीला तीनपैकी कोणतंही आडनाव वाटू शकतं. ‘विष्णुराव’ असेल तर राव हे आडनाव होऊन बसतं, ‘पंत’ही तसंच. माझ्या पाहण्यात स्त्रियांच्या नोंदीत ‘बाई’ हे आडनाव म्हणून आलेलं आहे.

त्यामुळे आडनावाचा रकाना रिकामा ठेवा. जन्मस्थळ इंडिया, लिंग पुरुष, वय वीस ते अठ्ठावीस, धंदा वैद्यकाचा विद्यार्थी, कर्त्याशी नातं बोर्डर (पैसे देऊन राहणारा-जेवणारा), जिल्हा लंडन. जन्मस्थळात ‘पूना’ टाकायचा मोह होईल, आणि ते करूनही पाहा, शेवटी एच लावून आणि न लावून. पण पुण्याच्या लष्कर आणि खडकी या छावण्यांत जन्मलेली गोऱ्या सोल्जरांची मुलं इतकी आहेत की यादी त्यांनीच भरते. शिवाय पुष्कळ जणांनी गाव न लिहिता नुसतं बॉम्बे लिहिलंय.

आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्या. ही एका रात्रीची नोंद आहे. सावरकर १९०६ ते १९१० लंडनला होते, त्यामुळे ते १९११च्या तक्त्यात असूच शकत नाहीत. टिळक १९१८-१९ला इथे होते, ते १९११तही नाहीत आणि १९२१तही नाहीत. आनंदीबाई जोशी १८८३ ते १८८६ अमेरिकेत होत्या, तिथल्या १८८० आणि १८९०च्या गणनांच्या बरोबर मधे. तुमचे काका त्या रात्री एडिंबरात असले तर शोध वेगळ्या दारी जातो. स्कॉटलंडची नोंद वेगळ्या सरकारी साइटवर असते, आणि १९११ला तिथले घरचे तक्ते राहिले नाहीत, प्रगणकाच्या वह्या राहिल्या. कार्डावर लंडनचा शिक्का आहे म्हणून लंडनपासून सुरुवात करा.

साधार | रविवार, रात्री ९.०५

एक मूलभूत प्रश्न. १९०९ला ते ‘क्षीरसागर’ होते कशावरून?

हे मी अडवणूक म्हणून विचारत नाही. आपल्याकडे आडनाव स्थिर झालं ते शाळा आणि कचेऱ्यांमुळे, त्याआधी ते कामावरून, गावावरून, वतनावरून सरकत असे. जोतीराव फुल्यांचं घराणं कटगुणचं, मूळ आडनाव गोऱ्हे. पुण्यात फुलांच्या धंद्यावरून फुले झाले. नाना फडणवीस मूळचे भानू. पेशवे भट. डॉ. आंबेडकरांचं कुळ सकपाळांचं. १९०० साली साताऱ्याच्या शाळेत त्यांचं नाव दाखल झालं ते गावावरून आलेल्या आडनावाने. एकाच घरात थोरल्याने वतनाचं ‘कुलकर्णी’ लावलं आणि धाकट्याने मूळ आडनाव, असंही सर्रास आहे. ताईंच्या घरी १९०९च्या आधीचा, आडनाव लिहिलेला एखादा कागद आहे का?

नारायणपेठी | रविवार, रात्री ९.५०

आहे. घराची सिटी सर्व्हेची सनद, म्हणजे जागेच्या मालकीचा सरकारी कागद, वडिलांनी बँकेत ठेवली होती म्हणून ती पुरातून वाचली. तिच्यात पणजोबांच्या वडिलांचं नाव क्षीरसागर आडनावासकट आहे.

कऱ्हाकाठ | सोमवार, सकाळी ६.३०

साधार म्हणतात ते आमच्या पुरंदरात गेल्या दोन-तीन वर्षांत घरोघर अनुभवाला आलंय. कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती २०२३ला नेमली आणि तहसिलात कोतवाल बुकं, म्हणजे गाव नमुना १४, बाहेर निघाली. जन्म-मृत्यूच्या त्या वह्या मोडीत, आणि आमच्या गावच्या वहीत आडनावाचा पत्ताच नाही. नुसतं ‘राणू बिन तुका’. बिन म्हणजे अमक्याचा मुलगा. बाईची नोंद असली तर ‘कोम’, म्हणजे अमक्याची बायको. आता एका गावात राणू चार आणि तुका सात. आमचा राणू कुठला?

आम्ही आडनावाचा नाद सोडून बाप-लेकाची साखळी लावली. राणू बिन तुका, तुका बिन संभू. तीन पिढ्यांची साखळी एकच घर दाखवते, तीन नावं त्याच क्रमाने दुसऱ्या घरात सहसा येत नाहीत. मग तीच साखळी जमिनीच्या जुन्या पत्रकात त्याच शेतावर सापडली. शेत हललं नव्हतं. आडनाव आमच्याकडे पुढच्या पिढीत शाळेच्या रजिस्टरात पहिल्यांदा आलं आणि मास्तरांनी लिहिलं तेच कायम झालं. सख्ख्या चुलत घराचं आडनाव आजही एका काना-मात्रेने वेगळं आहे, आणि जात पडताळणीला त्यासाठी प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं.

ताई, तुमच्या काकांच्या वडिलांचं नाव घट्ट धरून ठेवा. ते कुठे ना कुठे येईलच.

लालदेऊळ | सोमवार, दुपारी १.१५

आमचं घर बेने इस्रायल, म्हणजे मराठी यहुदी, पुण्यात पाच पिढ्या. आमच्यात आडनाव गावावरून: पेणकर, दिवेकर, राजपूरकर. ते फारसं बिघडत नाही. बिघडतं पहिलं नाव. मुंबईचं पहिलं सिनेगॉग १७९६ला बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर आणि सामाजी हसाजी दिवेकर हे एकच गृहस्थ. पलटणीच्या कागदात मराठी वळणाचं नाव, देवळाच्या कागदात हिब्रू वळणाचं. आमच्या पणजोबांच्या नोंदी दोन वेगळ्या माणसांच्या म्हणून कितीतरी वर्षं वेगळ्या पडून होत्या. आडनावासोबत पहिल्या नावाचीही सगळी रूपं लिहून काढा, घरात हाक मारत ते नावसुद्धा.

नारायणपेठी | सोमवार, सायंकाळी ७.००

सगळ्यांचे मनापासून आभार. कार्डाचे चार फोटो टाकले आहेत. चारही अक्षरांनी शोध घेतला, लंडनमध्ये काही नाही. आडनाव रिकामं ठेवून शोधलं तर यादी फार लांब येते, ती पुरी करते आहे.

दप्तरकर | सोमवार, रात्री ११.३०

वाचलं. खालचा उजवा कोपरा गेला आहे, बाकी लागतं. मोडीत दोन शब्दांत जागा सोडत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, म्हणून सवय नसलेल्याला सगळी ओळ एकच शब्द वाटते. तोडून देतो:

तीर्थरूप वडिलांचे सेवेसी, अपत्याचे कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष. येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लेखन करीत जावे. हल्ली पूर्वीची जागा सोडून गद्रे यांचे सोबत एकाच घरी राहतो. बाई भली आहे. थंडी फार. परीक्षेचे...

पुढे शाई पसरली आहे. तारीख नाही. पण तुमच्या कामाचा एक शब्द मिळाला: गद्रे. हे आडनाव लहान आहे, जोडाक्षर एकच आणि तेही इंग्रजीत सरळ उतरतं. क्षीरसागर सापडत नसतील तर गद्रे शोधा.

हिंजवडीची_वाट | मंगळवार, सकाळी ७.४५

दप्तरकर काका, हे फार मोलाचं. गद्रे कसेही लिहा, शेवटी नुसता ई, ई-वाय, ए-वाय, नाहीतर दोन ई. सगळ्यांचं उत्तर जी-३६०. पहिलं अक्षर जी सोडून दुसरं होणं कठीण. हे यंत्राला जमेल.

नारायणपेठी | मंगळवार, रात्री १०.१०

सापडले. निदान मला तरी तसं वाटतंय.

जन्मस्थळ इंडिया आणि आडनाव गद्रे असं शोधल्यावर लंडनच्या ब्लूम्सबरी भागातलं एक घर निघालं. मालकीण विधवा, दोन मुली, एक मोलकरीण आणि चार बोर्डर. तिसऱ्या बोर्डरचं आडनाव शेवटी ई-वाय लावून गद्रे, कायद्याचे विद्यार्थी. चौथ्याच्या ओळीत आडनाव ‘सागर’, आधी फक्त ‘के’. वय २२, अविवाहित, वैद्यकाचे विद्यार्थी, जन्म बॉम्बे, इंडिया. मूळ तक्त्याचं चित्र मोठं करून पाहिलं. के आणि सागर यांच्यामध्ये बारीक टिंब आहे. तिने आमचं आडनाव मधून तोडलं. क्षीर हे त्यांचं नाव समजली आणि सागर हे आडनाव!

त्या ओळीवरून नजर हलत नाही.

साधार | मंगळवार, रात्री ११.००

ताई, आनंद समजतो, आणि मलाही हेच ते असावेत असं वाटतं. तरीही ‘असावेत’ आणि ‘आहेत’ यांतलं अंतर भरलं पाहिजे. सागर हे आडनाव पंजाबात आहे. इंग्लंडात लँकशायरकडे ते इंग्रजांचंही आहे, तेव्हा इथून पुढे शोधताना गोरे सागर खूप भेटतील. जन्मगाव पुणे लिहिलेलं नाही. ‘के’ म्हणजे कृष्ण, केशव, कुंदन काहीही असू शकतं. तुमच्या बाजूने भक्कम एकच गोष्ट आहे: कार्डातले गद्रे त्याच घरात आहेत. पण गद्रेही लंडनला एकच असतील असं नाही. वंशावळीत ही नोंद ‘संभाव्य’ म्हणून टाका, आणि आडनाव तक्त्यात जसं आहे तसंच उतरवा. तुम्ही दुरुस्त करून ‘क्षीरसागर’ लिहिलंत तर पुढच्या शोधणाऱ्याला मूळ नोंद कधीच सापडणार नाही.

टेम्सकाठ | बुधवार, दुपारी २.२५

साधारांशी पूर्ण सहमत. ताई, तुमच्या घरच्या तिन्ही गोष्टी तपासता येण्याजोग्या आहेत. इंग्लंड-वेल्समध्ये जन्म, लग्न, मृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८३७पासून अखंड आहे. प्रत्येक शोध सागर आणि क्षीरसागर अशा दोन्ही आडनावांनी घ्या.

मृत्यूच्या सूचीत वय दिलेलं असतं, म्हणून इन्फ्लुएंझाची गोष्ट तपासायला १९१८ची शेवटची तिमाही आणि १९१९ची पहिली बघा, वय साधारण तीस. महायुद्धात कामी आलेल्यांची यादी राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या साइटवर फुकट बघता येते. ते डॉक्टर झाले असतील तर दरवर्षी छापल्या जाणाऱ्या ब्रिटिश मेडिकल रजिस्टरात नाव आणि पत्ता येईल, आणि तिथे नाव त्यांनी स्वतः दिलेलं असेल. प्रत्येकाने आपलं इंग्रजी लेखन एकदा ठरवलं की ते तसंच चाले. रँग्लर परांजप्यांनी शेवटी वाय-ई लावलं ते कायम तसंच राहिलं, आनंदीबाईंनी जोशी दोन ईने लिहिलं.

सर्वांत उपयोगी गोष्ट लग्नाची. १९१२पासून लग्नाच्या सूचीत जोडीदाराचं आडनावही येतं. संभाव्य नोंद दिसली तर दाखल्याची प्रत मागवा, कारण इंग्रजी लग्नाच्या दाखल्यात वर आणि वधू दोघांच्या वडिलांचं नाव आणि धंदा लिहिलेला असतो. कऱ्हाकाठ यांनी सांगितलेली बापलेकाची साखळी इथेच लागेल. मुख्य कार्यालयाकडून येते ती नक्कल असते. सही पाहायची असेल तर ज्या भागात लग्न झालं तिथल्या नोंदणी कचेरीला विचारा.

बोटीच्या याद्याही आहेत. बाहेर जाणाऱ्या प्रवाशांच्या १८९०पासूनच्या आणि इंग्लंडात उतरणाऱ्यांच्या १८७८पासूनच्या. १९०९ला ते उतरले तेव्हाचं नाव त्यांत असू शकतं.

नारायणपेठी | महिन्याभराने, रविवार, सकाळी ११.००

उशिरा लिहिते आहे, दाखल्याची वाट पाहत होते.

युद्धाच्या यादीत कुणी नाही. मृत्यूच्या सूचीत १९१८-१९ला वयाने जुळणारं कुणी नाही. लग्नाच्या सूचीत १९१४ला सागर आडनावाचे एक वर होते, पहिल्या नावाचं लेखन विचित्र पण आद्याक्षर आमच्या काकांचंच. प्रत मागवली. वराचा धंदा वैद्यकाचा विद्यार्थी. वराच्या वडिलांचं नाव वाचताना एक स्वर इकडचा तिकडे झाला आहे, पण ते माझ्या खापरपणजोबांचंच नाव आहे, सनदेवर आहे तेच. धंदा: जमीनमालक. एक साक्षीदार गद्रे, इथेही शेवटी ई-वाय.

शाळेकडूनही उत्तर आलं. जन्म १८८८. म्हणजे २ एप्रिल १९११ला बावीस-तेवीस.

साधार, आता ‘संभाव्य’ काढू का?

साधार | रविवार, सकाळी ११.३०

काढा. वडिलांचं नाव, वय, शिक्षण, सोबती, चारही स्वतंत्र कागदांतून जुळतंय. अभिनंदन ताई. प्रत्येक पुराव्यापुढे तो कुठून मिळाला ते लिहून ठेवा.

टेम्सकाठ | रविवार, दुपारी १२.१५

फार फार आनंद झाला. आता पुढचं. १९११च्या सप्टेंबरच्या तिमाहीपासून जन्माच्या सूचीत आईचं माहेरचं आडनाव असतं. सागर आणि दाखल्यावरचं वधूचं आडनाव ही जोडी टाकून १९१४ ते १९३० बघा, लँकशायरचे सागर आपोआप गळतील. १९२१ची गणना १९ जूनची आहे, तीही आता खुली आहे. मात्र १९३१ची आगीत गेली आणि १९४१ला झालीच नाही, मधला आधार म्हणजे सप्टेंबर १९३९चं नोंदणी रजिस्टर.

नारायणपेठी | रविवार, रात्री ८.४०

जोडी लावून पाहिली. दोन जन्म आहेत, १९१५ आणि १९१९, दोन्ही मुली, नोंदणी लंडनमध्ये. थोरलीचं दुसरं नाव माझ्या खापरपणजीचं आहे, इंग्रजी अक्षरांत जसं बसेल तसं लिहिलेलं. आत्याला दुपारीच फोन करून सांगितलं. ती म्हणाली, त्यांच्या लेकी-नातवंडांना शोध, आणि आपलं आडनाव त्यांना पुरं सांग. लग्न झाल्यावर मुलींची आडनावं पुन्हा बदलली असणार, तेव्हा आता त्यांच्या लग्नांची सूची काढायला बसते आहे. टेम्सकाठ, त्या दोन नोंदींचे तपशील तुम्हाला व्यक्तिगत निरोपात पाठवले आहेत.